नव्या गाडीची चाकं ओळंब्यात आहेत का? एका गवंड्याची पद्धत

पाडव्याला गाडी घेतली. छप्पन्नाव्या वर्षी पहिली चारचाकी, ती पण नवी कोरी. तीस वर्षं मी रत्नागिरीजवळ पावस ते पूर्णगड पट्ट्यात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, घरं बांधतोय, पण आजवर स्वतःच्या नावावर फक्त मोटारसायकल होती. शोरूममध्ये नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, फोटो झाले. भाट्याचा पूल ओलांडून चढ चढलो, सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, रस्ता जरा सरळ झाला आणि नजर स्टेअरिंगवर गेली. मधलं कंपनीचं चिन्ह उजवीकडे कललेलं. घड्याळाचा मोठा काटा बारावरून मिनिट-सव्वा मिनिट पुढे सरकावा, तेवढंच. गाडी मात्र सरळ चाललेली.

मंडळी म्हणाली, "सरळ चाललीय ना? मग झालं." पण ज्याचं आयुष्य भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, आहेत का बघण्यात गेलं, त्याला कललेलं काही दिसलं की जेवण जात नाही. घरी पोचून शोरूमला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "काका, नवीन गाडी आहे. अलाइनमेंट कंपनीतून होऊनच येते. हजार किलोमीटरला सर्व्हिसिंगला आणा, तेव्हा बघू."

अलाइनमेंट म्हणजे चाकं सरळ रेषेत आणि योग्य कलात बसवणं. ती होऊनच येते, हे खरं आहे. पण कारखान्यातून सुटलेली गाडी ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळून शेकडो किलोमीटर येते, यार्डात उन्हापावसात उभी राहते, दहा माणसं ती पुढेमागे करतात, कोणीतरी फुटपाथच्या कडेवर चढवतो. चिरा खाणीतून काटकोनात निघतो म्हणून साइटवर पोचेपर्यंत त्याची कड शाबूत राहतेच असं नाही. आम्ही प्रत्येक चिरा गुण्या (काटकोन्या) लावून बघतो. मग सहा-सात लाखांच्या वस्तूला पट्टी लावायला काय हरकत आहे?

पुढचं सगळं मी माझ्याच हत्यारांनी केलं: लाईनदोरी, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन), पातळी बघायची पाण्याची नळी, स्टीलची फूटपट्टी आणि वही. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर शेजारच्या गवंड्याकडे मागा, एका सकाळीपुरतं तो देईल. आधीच सांगतो, घरी फक्त मोजायचं. नट फिरवायचा तो दुकानातच, कारण वॉरंटीतली गाडी आहे. मोजून गेलेल्या गिऱ्हाईकाला कोणी वाटेला लावू शकत नाही, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मोजायचं काय, ते आधी. 'टो' म्हणजे पडवीच्या दोन समोरासमोरच्या भिंती. वरून बघितलं तर दोन्ही समांतर हव्यात. पुढच्या टोकाला एकमेकींकडे वळल्या असतील तर टो-इन, फाकल्या असतील तर टो-आउट. 'कॅम्बर' म्हणजे सरळसरळ ओळंबा. गाडीच्या समोर उभं राहून बघितलं तर चाकाचा माथा आत कललाय की बाहेर, ते. तिसरा 'कॅस्टर', सायकलच्या पुढच्या चिमट्याला तिरपेपणा असतो तसला. तो घरी मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही, तुम्हीही पडू नका. साध्या छोट्या गाडीत जुळवता येतो तो बहुतेक फक्त पुढचा टो. कॅम्बर आणि कॅस्टर कंपनी बांधून देते, मागचा दांडाही तसाच. त्यामुळे या तिन्हींत फरक सापडला तर नट पिळून भागत नाही, काहीतरी वाकलंय किंवा चुकीचं बसलंय असं धरायचं.

आमच्याकडे माप सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला किंचित जास्त. भिंतीतली सूतभर चूक प्लास्टर खातं, चाकातली सूतभर चूक टायर खाते. म्हणून इथे सूत विसरायचं आणि मिलिमीटर धरायचा, जमलं तर अर्धा.

पहिलं काम हवा. हे न करता पुढचं काहीही केलं तर ती सकाळ फुकट. हवा थंड टायरवर बघायची, म्हणजे गाडी रात्रभर उभी असताना. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेलं असतं. माझ्या गाडीला चारही चाकांत ३३ सांगितलंय. प्रत्यक्षात तीन चाकांत ४२ निघाली आणि डाव्या पुढच्यात ३८. गाडी यार्डात बरेच दिवस उभी राहते म्हणून जास्त भरून ठेवतात म्हणे, पण देताना उतरवायला विसरतात. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते, म्हणजे ही एक गडबड अलाइनमेंटच्या आधीच मिटवायची. हवेचं मीटर स्वतःचं घ्या. दोन पंपांवरची दोन मीटरं एकच आकडा दाखवतील याची खात्री नाही. तेवढ्यात चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे आहेत ना, तेही बघून घ्या.

दुसरं काम रस्त्यावरचं. पहाटे जा. एक तर रहदारी नसते, दुसरं म्हणजे मतलई वारा असतो, हलका. दुपारी खारा वारा सुटला की सड्यावर गाडी त्यानेच बाजूला ढकलली जाते आणि तुम्ही दोष चाकांना देता. शंका आली तर त्याच रस्त्याने परत या. वारा असेल तर जाताना एका अंगाला ढकलतो, येताना दुसऱ्या. गाडीचा दोष असेल तर तो दोन्ही वेळी एकाच अंगाला राहतो.

रस्त्याचा उतारही लक्षात घ्यायचा. स्लॅबवर पाणी साचू नये म्हणून आम्ही उतार काढतो, तसा रस्त्याला मधून कडेला असतो. जास्त पावसाच्या भागात चांगल्या डांबरी रस्त्याला दोन-अडीच टक्के धरतात. साडेतीन मीटरच्या लेनला तो सात ते पावणेनऊ सेंटिमीटर झाला, म्हणजे जवळजवळ वीतभर नाही पण चार बोटं नक्की. आपण डावीकडून चालवतो, म्हणून हात हलका सोडला की चांगली गाडीसुद्धा सावकाश डावीकडे घरंगळते. तो दोष नव्हे. गावातला अरुंद, मोकळा, दूरवर दिसणारा रस्ता असेल तर मधोमध चालवून बघा. पन्नासच्या आसपास वेग, हात स्टेअरिंगला टेकलेले पण न पकडलेले. हात पूर्ण सोडू नका, सड्यावर गुरं कुठूनही येतात.

इथे दोन वेगळ्या तक्रारी ओळखायला शिका, कारण दुकानात सगळे त्यांची मिसळ करतात. गाडी बाजूला ओढते ही एक. गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं राहतं ही दुसरी. माझी दुसरी होती. पहिली असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघता येतं. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे, अलाइनमेंटमध्ये नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र अशी अदलाबदल करू नका. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर ब्रेक तपासा. ऐंशी-नव्वदला स्टेअरिंग थरथरत असेल तर ते बॅलन्सिंग, तो वेगळा विषय आणि वेगळं मशीन.

आता खरं काम, अंगणातलं.

अंगण सपाट दिसतं, पण सपाट नसतं. पाणी वाहून जावं म्हणून आपणच ते उतरतं केलेलं असतं. मी पाण्याची नळी घेऊन चारही चाकांच्या जागा तपासल्या. पारदर्शक नळी, आत पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही. डावी आणि उजवी जागा यांत सात मिलिमीटर फरक निघाला. टोला याने फार बिघडत नाही, पण कॅम्बरला बिघडतं. दोन चाकांमधलं अंतर साधारण एक मीटर चाळीस, तेवढ्यात एक सेंटिमीटर उतार म्हणजे चार दशांश अंशाचा कल फुकटचा आकड्यात घुसतो. एका ओट्याच्या उरलेल्या टाइल्स होत्या, त्या खालच्या बाजूच्या चाकांखाली सरकवून पातळी केली. चिरे रचून त्यावर गाडी चढवायचं डोक्यात आणू नका. जांभा भिंतीत पिढ्यान् पिढ्या उभा राहतो, पण एका बिंदूवर भार आला की भसकन फुटतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर अंगाचा कुठलाच भाग घालायचा नाही.

पुढच्या दोन चाकांखाली मी टाइल्सची एकेक जोडी ठेवली. गुळगुळीत बाजू समोरासमोर आणि मध्ये ग्रीस. जॅकवर उचलून परत टेकवलेलं चाक जमिनीला चिकटून अडून बसतं आणि टो खोटा दाखवतं. ग्रीसवर ते सरकून आपल्या जागी येतं. दुकानातल्या मशीनखाली फिरत्या थाळ्या असतात त्याच कामासाठी. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, हँडब्रेक सोडू नका. डिकी रिकामी करा. आंब्याच्या चार पेट्या मागे असतील तर गाडीची बसकण बदलते. मग पुढचा बंपर दोनतीनदा दाबून सोडायचा.

यानंतर स्टेअरिंग. पॉवर स्टेअरिंग असतं म्हणून इंजिन चालू करायचं, चिन्ह बरोबर मधोमध आणायचं, इंजिन बंद करायचं आणि स्टेअरिंग हलणार नाही असं बांधून टाकायचं. मी एक फळी सीटवर टेकवून स्टेअरिंगला सुतळीने आवळली. गाडी सरळ चालते तेव्हा स्टेअरिंग जसं असतं तसं ठेवायचं नाही, जसं दिसायला हवं तसं ठेवायचं. माझ्या सगळ्या प्रकरणाची मेख याच वाक्यात आहे.

दोरी लावायची पद्धत साधी. आठ फुटी दोन पीव्हीसी पाइप घ्या. दोन्हींवर एकाच अंतरावर करवतीने खाचा पाडा. माझ्या १८६ सेंटिमीटरवर होत्या. दोन्ही पाइप शेजारी ठेवून खाचा एकदमच पाडल्या तर फरक राहतच नाही. एक पाइप गाडीच्या पुढे, एक मागे, विटांच्या थप्पीवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला. खाचांतून दोन्ही बाजूंनी लाईनदोरी घ्यायची आणि टोकांना वजन लोंबकळत सोडायचं. मी जुने मोठे बोल्ट बांधले. गाठ मारून ताणलेली दोरी सैल पडते, वजनावरची पडत नाही. आता दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर झाल्या, त्यात चूक व्हायला जागाच नाही. राहिलं फक्त गाडी त्यांच्या बरोबर मध्ये आणणं. गाडी हलवायची नाही, पाइप सरकवायचे. पुढच्या डाव्या चाकाच्या टोपीच्या मध्यापासून दोरीचं अंतर आणि पुढच्या उजव्याचं एकच आलं पाहिजे. मागच्या दोन चाकांचंही आपसात एक. पुढचं आणि मागचं अंतर मात्र वेगळं निघेल, कारण बऱ्याच गाड्यांत पुढची चाकं आणि मागची चाकं यांची रुंदी थोडी कमी-जास्त असते. माझा इथेच तास गेला. पुढचा पाइप सरकवला की मागचं बिघडतं. घाई करू नका, चहा सांगा.

मग फूटपट्टी घेऊन रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा, दोन्ही मध्याच्या उंचीला. टायरवर मोजू नका, त्यावर अक्षरं असतात, फुगवटा असतो. पट्टीचं शून्याचं टोक झिजलेलं असतं, म्हणून आम्ही दहापासून मोजतो आणि दहा वजा करतो. पट्टी दोरीला टेकवायची नाही, दोरी हलते. डोळा बरोबर समोर ठेवायचा.

माझे आकडे वहीतून जसेच्या तसे देतो. डावं पुढचं चाक: पुढची कड ११६, मागची कड १२०. उजवं पुढचं: पुढची कड १२१, मागची ११८. सगळे मिलिमीटर. मग जॅकने चाक उचलून अर्धा फेरा फिरवलं, खाली टेकवलं, गाडी दाबली आणि परत मोजलं. रिमच थोडी वाकडी असेल तर ते यात कळतं. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहिला.

आता वाचायचं कसं? दोरी बाहेरच्या अंगाला आहे. ज्या कडेचा आकडा लहान, ती कड बाहेर. डाव्या चाकाची पुढची कड चार मिलिमीटर बाहेर, म्हणजे चाक डावीकडे बघतंय. उजव्याची पुढची कड तीन मिलिमीटर आत, म्हणजे तेही डावीकडेच बघतंय. दोघांची बेरीज-वजाबाकी केली तर एकूण टो फक्त एक मिलिमीटर बाहेर. चाकं एकमेकांशी जवळजवळ समांतर आहेत, पण जोडीने डावीकडे वळलेली. म्हणून गाडी सरळ न्यायला मला स्टेअरिंग उजवीकडे धरावं लागत होतं. पडवीच्या दोन्ही भिंती एकमेकींना समांतर, पण अख्खी पडवीच घराला तिरकी, असला प्रकार.

अंशात हवं असेल तर: माझ्या १४ इंची चाकाच्या रिमची कड ते कड ३९ सेंटिमीटर भरते. तेवढ्या लांबीवर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे नऊ मिनिटं, साठ मिनिटांचा एक अंश. तुमचं चाक मोठं असेल तर मिलिमीटरमागे मिनिटं थोडी कमी होतील. मशीनचा कागद अंश-मिनिटांत असतो, म्हणून हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मागची चाकंही मोजा, लोक ती सोडून देतात. माझी दोन्ही एकेक मिलिमीटर आत होती, म्हणजे सारखी, ठीक. एक आत आणि दुसरं तेवढंच बाहेर निघालं असतं तर मागचा दांडाच तिरका, आणि गाडी कुर्लीसारखी (खेकड्यासारखी) तिरपी चालली असती. याची एक गावठी परीक्षा आहे. टायर ओले करून कोरड्या काँक्रीटवरून दहा-पंधरा मीटर सरळ जा आणि उतरून ठसे बघा. मागच्या चाकाचा ठसा पुढच्याच्या आत किंवा बाहेर जितका डावीकडे असेल, तितकाच उजवीकडे हवा.

कॅम्बरला ओळंबा. चाकाच्या वर मडगार्डच्या कडेला कापड लावून, त्यावर लाकडाचा तुकडा टेपने चिकटवला आणि ओळंबा सोडला. कापड विसरू नका. रंगावर ओरखडा पडला तर घरातली माणसं ओळंब्यासकट तुम्हाला बाहेर काढतील. वाऱ्याने झुलत असेल तर ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, झुलणं थांबतं. मग रिमची वरची कड आणि खालची कड दोरीपासून मोजा. माझं डावं वर ६४, खाली ६१. उजवं वर ६३, खाली ६१. दोन्ही माथ्याला दोन-तीन मिलिमीटर आत, म्हणजे अर्ध्या अंशाच्या आत, आणि दोन्हींत एकाच मिलिमीटरचा फरक. हे समाधानाचं. दोन बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असता, माझ्या रिमवर तीन-साडेतीन मिलिमीटर, तर मी त्याच दिवशी गाडी परत नेली असती.

शोरूमला गेलो तर पहिल्या फेरीत जे व्हायचं तेच झालं. पोराने गाडी मशीनवर घेतली, चाकांना यंत्रं लावली, पडद्यावर सगळं हिरवं. "बघा काका, म्हटलं होतं ना." मी विचारलं, "स्टेअरिंग लॉक लावलास?" लावला नव्हता. गाडी सरळ आत आली, स्टेअरिंग होतं तसं वाकडं राहिलं. त्या अवस्थेत चाकं खरोखर सरळच होती, मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता. वही उघडून दाखवली. तिथला जुना मिस्त्री आला, आकडे बघितले, हसला आणि म्हणाला, "मामा, कुठल्या गॅरेजला होता?" म्हटलं, गॅरेजला नाही, साइटवर.

त्याने केलं ते बघण्यासारखं होतं. आधी हवा तपासली. गाडी थोडी पुढेमागे ढकलून यंत्रांना रिमचा वाकडेपणा कळवला. इंजिन चालू करून स्टेअरिंग मध्यावर आणलं, सीट आणि स्टेअरिंग यांच्यामध्ये लोखंडी लॉक अडकवला. आणि पडद्यावर लगेच दोन्ही चाकं लाल झाली, डावं टो-आउट, उजवं टो-इन. मग दोन्ही टायरॉडचे, म्हणजे स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे, चेकनट (दांडा जागेवर धरणारे नट) सैल केले आणि एक जेवढा पिळला तेवढाच दुसरा सोडला. एकाच बाजूचा फिरवला असता तर स्टेअरिंग सरळ झालं असतं पण एकूण टो बिघडला असता. घाईतल्या दुकानात हेच होतं आणि पाच हजार किलोमीटरनंतर टायरची कड करवतीसारखी होते. चेकनट परत आवळल्यावर आकडा पुन्हा बघितला, कारण आवळताना रॉड थोडा फिरतो. वीस मिनिटांचं काम.

तुम्ही गेलात तर याच गोष्टी डोळ्यांनी बघा, आणि काम होताना केबिनमध्ये एसीत बसू नका. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्या. त्यावर कंपनीने दिलेली हद्दही छापलेली असते. पडद्यावर तुमच्याच गाडीचं मॉडेल निवडलंय ना, तेही बघा. घसरणी रोखणारी यंत्रणा असलेल्या गाडीत स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर असतो. मध्य बदलला की तोही जुळवून घ्यावा लागतो, विचारून घ्या. निघताना दुकानाच्या दारातच समाधान मानू नका, त्यांच्या माणसाला शेजारी बसवून चक्कर मारा.

घरी येऊन परत दोऱ्या लावल्या. डावं अर्धा मिलिमीटर आत, उजव्याला पट्टीवर फरक दिसेना. हे आकडे, कॅम्बरचे आकडे, मागच्या चाकांचे, हवा, किलोमीटर आणि तारीख असं सगळं एका पानावर लिहिलं. गाडी नवी असतानाचं हे पान सगळ्यात मोलाचं, कारण नंतर कधीही मोजलं तरी तुलना कशाशी करायची ते त्याच्याकडे असतं. ते कशाला लागतं, हे मला श्रावणात कळलं.

पावसात आपल्याकडे खड्डा दिसत नाही, डबकं दिसतं. भाचा गाडी घेऊन गेला होता. रात्री परत आला आणि निरागसपणे म्हणाला, "मामा, काय नाय झालं, जरा आपटली." उजवं पुढचं चाक. स्टेअरिंग सरळ होतं, गाडी ओढतही नव्हती म्हणण्यासारखी. रत्नागिरीतल्या एका दुकानात दाखवली, त्यांनी टो बघितला, हिरवा आला, तीनशेची पावती फाडली आणि जा म्हणाले. रविवारी पाऊस उघडला तसा ओळंबा सोडला. डावं वर ६४, खाली ६१, जिथल्या तिथे. उजवं वर ६८, खाली ६१. पाडव्याला दोन मिलिमीटरचा कल होता, तो सात झाला होता. जवळजवळ पाऊण अंशाची भर.

वही नसती तर सात मिलिमीटर बघून मीच म्हटलं असतं, असेल या कंपनीची रीत. वहीमुळे वाद उरला नाही. कॅम्बर जुळवायची सोय या गाडीत नाही, म्हणजे काहीतरी वाकलंय. वर्कशॉपला चाक काढून बघितलं तर उजवा शॉकअप वाकलेला, नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हता, पट्टी धरल्यावर दिसला. टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला तर ती गुळगुळीत व्हायला लागलेली. ही सवय लावून घ्या, महिन्यातून एकदा तळहात टायरवर आडवा फिरवायचा. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने खरखरीत लागलं तर टो. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजली तर कॅम्बर. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त.

शॉकअप बदलल्यावर टो परत करून घेतला, कारण तिथला बोल्ट सुटला की टो हलतोच. मिस्त्रीला सांगून दोन्ही टायरॉडच्या उघड्या आट्यांना ग्रीस फासून घेतलं. आपल्या खाऱ्या हवेत चेकनट दोन पावसाळ्यांत असा गंजतो की पुढच्या वेळी पाना घसरतो, रॉड पिळवटतो आणि नव्या टायरॉडचा खर्च येतो. समुद्रापासून लांबच्या गाडीला याची फिकीर नसेल, आपल्याला आहे.

काम झाल्यावर संध्याकाळी परत मोजलं. उजवं वर ६३, खाली ६१. भाच्याला पट्टी धरायला लावली होती. त्याने तीनदा ६५ वाचलं, कारण शून्याचं टोक लावून मोजत होता. चौथ्यांदा दहापासून मोजलं तेव्हा जमलं.